जयवंताबाईची मांजर

जयवंताबाईच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकून असायची. त्या दिवशी तर तिचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. सून अंजू पंचमीला माहेरी, भोकरदनला निघाली होती. जा असं जयवंताबाईच म्हणाली होती. पण अंजूनं पिशवी उचलली की तिला काम आठवायचं. आधी ज्वारी निवडायला बसवलं, मग गोठा झाडायला लावला. आता जीप सुटायची वेळ झाली, तर म्हणाली, "दळण टाकून ये, मंग जा."

तेवढ्यात घरच्या मांजरीनं ओट्यावर उंदीर धरला. तिनं तो सोडला, जरा पळू दिला आणि पुन्हा पंजाखाली दाबला. जयवंताबाईनं चप्पलच भिरकावली.

"मुडदा बशिवला तुझा. दूध-भाकर खाऊन पोट टम्म हाय, तरी त्याला छळून राह्यलीस? मारायचं तर मार एकदाचं, न्हाईतर जाऊ दे त्याला."

अंजू पिशवी धरून दारात उभी होती.

"भिती ती, आत्याबाई," अंजू म्हणाली. "उंदीर उलटून चावंल म्हणून आधी त्याला दमवती."

जयवंताबाईनं झटकन वर पाहिलं. सुनेची नजर मांजरीवर नव्हतीच.