पुठ्ठ्याची अक्षरं

आमचे हे खकनारच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. रोज बसने जाणं-येणं. बसमध्ये बसल्या बसल्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि त्यातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून नवे शब्द जुळवायचे, हा यांचा नाद. घरी आले की चहा घेताना मला सांगायचे, "बघ, लेमनचीच अक्षरं हलवली की मेलन होतं." मी तुकईथड गावची, मराठी शाळेत शिकलेली. मी "बरं" म्हणायची आणि कणकेत पाणी घालायची.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, सकाळी दाढी करता करता यांच्या हातातून रेझर पडलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलणं गेलं होतं. सगळं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, पाणी. चहा हवा असला तरी पाणी, पंखा बंद करायचा असला तरी पाणी. आपण चुकीचं बोललो हे यांना लगेच कळायचं, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "त्यांना जे आवडतं त्यातूनच रोज सराव करवून घ्या. आणि त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. वाट बघा."

घरी आल्यावर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, मार्करने एबीसीडी काढली. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, तुला स्वतःला तरी येतं का? सच बता."

"नाही येत. शिकेन."

सहावीचं इंग्रजीचं पुस्तक आणलं. दुपारी हे झोपले की स्पेलिंग पाठ करायची, संध्याकाळी ताटात अक्षरं मांडायची. पहिल्या दिवशी टी, ई, ए ठेवले. म्हटलं, "ही झाली चहाची टी. आता हलवून खाण्याचं ईट करा." यांनी बराच वेळ बघितलं, मग डाव्या हाताने ताटच उडवलं. अक्षरं पलंगाखाली गेली. मी वाकून एकेक गोळा केली.

"उद्या परत मांडणार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही ताट उडालं, पण मी मांडायची थांबले नाही. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "भाभी, किती जीव आटवता? आता देवावर सोडा." मी म्हटलं, "देव त्याचं बघेल काकू, मी माझं बघते." बोलून टाकलं खरं, पण त्या गेल्यावर मोरीत जाऊन रडले. तोंड धुऊन परत ताट मांडलं.

हळूहळू तीन अक्षरं यांना जमायला लागली. डाव्या हाताने सरकवायचे, चुकलं की स्वतःच परत घ्यायचे. शब्द जुळायचा, तोंडातून मात्र निघायचा नाही.

एका संध्याकाळी मी स्टडी हा शब्द मांडायला घेतला. यांनी बघितलं आणि बोटाने ताटावर ठोकायला लागले. ठोकत राहिले. मला वाटलं, आता हे ताट जाणार. मी ते घट्ट धरलं.

"यू," हे म्हणाले.

मी ताट सोडलं.

"यू... पाणी... नाही. यू!"

मी यू ठेवायलाच विसरले होते. स्पेलिंग चुकलं होतं माझं, आणि यांच्यातल्या मास्तरला ते सहन झालं नाही! धावत अक्षरांचा डबा आणला, यू शोधून दिला. यांनी पाचही अक्षरं सावकाश सरकवली आणि वेगळाच शब्द केला. तो मला कळला नाही. तेव्हा यांनी टीव्हीच्या टेबलावरून बोट फिरवलं आणि बोटाची धूळ मला दाखवली. डस्टी. धुळकट! मी हसले, हेही वाकड्या तोंडाने हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर सगळं भराभर झालं असं नाही. कधी चार शब्द यायचे, कधी आठवडाभर काहीच नाही. ताट मात्र रोज मांडलं.

मागच्या महिन्यात दापोऱ्याचा यांचा एक जुना विद्यार्थी केळी घेऊन आला. आता चांगला शेतकरी आहे. हे काही सांगायला लागले की तो घाईने शब्द पुरा करायचा. मी म्हटलं, "भाऊ, थांबा. सरांना बोलू द्या." तो ओशाळला. यांनी बराच वेळ घेतला, कपाळावर घाम आला.

"केळी... लवकर... तोडली."

तो हात जोडून म्हणाला, "हो सर. व्यापारी घाई करत होता, क्या करता?" मग दोघं बागेबद्दल बोलत बसले, हे दोन शब्द तर तो दहा. मी आत चहा ठेवला आणि मुद्दाम बाहेर आले नाही.

आता बाजारात मी यांनाच पुढे करते. भाजीवाली सुरुवातीला माझ्याकडेच बघायची. मी दुसरीकडे बघते, पिशवी झटकते.

"भेंडी... कैसे दी?" हे विचारतात.

ती भाव सांगते. हे थोडा वेळ घेतात. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, असू दे.

"महंगी है," हे म्हणतात, आणि पुढच्या हातगाडीकडे चालायला लागतात.