पाठमोरी

दुपारी जेवून आडवा होतो. डोळे मिटत येतात तशी भिंतीवरची पोस्टरं पुसट व्हायला लागतात. सगळी जुन्या रेडिओंच्या जाहिरातींची: लाकडी पेट्या, हसरी कुटुंबं, मान कलती करून गाणं ऐकणाऱ्या बायका. त्यातली एकही माझी आई नाही.

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. तिचा फोटो नाही. पण कोल्हापुरात कारेकर पेंटरांनी रेडिओच्या जाहिरातीसाठी तिला समोर बसवून चित्र काढलं होतं, असं आत्या सांगायची. ते पोस्टर शोधता शोधता माझं घर भरलं. तेवढं एक मिळालं नाही.

पंखा थांबतो. मी कारेकरांच्या खोलीत उभा आहे. टर्पेंटाइनचा वास येतोय. खुर्चीवर एक बाई पाठमोरी बसलीय. ती कोण, हे कुणी सांगावं लागत नाही.

"आई?"

"हलू नको म्हणालेत," ती म्हणते. "बस तिथं, दिगू."

मी बसतो. रेडिओवर काय लागलंय, विचारतो. ती सांगते, पेटी रिकामी आहे, आत काहीच नाही. नुसतं ऐकल्यासारखं करायचं. पण मधेच खोकला येतो आणि पेंटरांना थांबावं लागतं. खोकल्याचं घरी बोलू नको, असंही बजावते. तिकडे अजून कुणाला माहीत नाही.

मी म्हणतो, एकदा माझ्याकडे बघ.

"किती म्हातारा झालास रे," ती न वळताच म्हणते. "आवाजावरून कळतं."

खोलीला आता छत नाही. ही एसटी स्टँडामागची भिंत आहे आणि आई तिच्यावर चिकटवलेली आहे, तोंड भिंतीकडे करून. कागदाच्या कडा सुटल्यात. मी एक कोपरा धरतो.

"ओढू नको, दिगू. फाटेन मी."

"फक्त तोंड बघतो."

मी नख आत सरकवतो. हळू, जमेल तितकं हळू.

फाटल्याचा आवाज होतो आणि मी जागा होतो.

ऊन खिडकीखाली उतरलंय. अंगठ्याचं नख ठणकतंय, त्याच्याखाली काहीतरी रुतलंय. सुई घेऊन उजेडात जातो आणि ते बाहेर काढतो. वाळक्या खळीला चिकटलेला कागदाचा कपटा. त्यावर बारीक काळ्या रेघा आहेत, पापणीच्या.