सावे बाईंचा लहरींचा पाढा

श्रीमती मालती सावे यांची आणि माझी पहिली भेट बोईसरच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत झाली. त्या वेळी मी दाराआड उभी होते. एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला मायक्रोवेव्ह ओव्हन भेट दिला होता आणि कुणीतरी त्यात चहा गरम करत होतं. लग्न होऊन मी साताऱ्याकडून नुकतीच सालवडला आले होते. मिस्टर इथल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात होते आणि मला शाळेत मराठी शिकवायचं काम मिळालं होतं. तारापूरच्या अणुभट्टीच्या इतक्या जवळ लेक राहणार म्हणून माहेरी आधीच घोर लागलेला. निघताना आई म्हणाली होती, "तिकडच्या रेडिएशनला जप." जणू रेडिएशन म्हणजे माझी सासूच. त्यात मी मुळातच भित्री, दुधाच्या पातेल्याजवळ पाल दिसली तरी आठवडाभर चहा सोडणारी.

बाई भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनी मला दाराआडून हाताला धरून आत आणलं, बंद ओव्हनमध्ये स्वतःचा मोबाइल ठेवला, दार लावलं आणि दुसऱ्या शिक्षकांना त्यावर फोन करायला सांगितला. ओव्हनच्या दारातली जाळी लहरी कशा अडवते ते त्यांना दाखवायचं होतं. फोन आत खणखणीत वाजला. सगळे हसले आणि मी पुन्हा दाराकडे सरकले. बाई मात्र जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "वाजला. म्हणजे जाळी सगळं अडवत नाही, थोडं झिरपतं. आता विचारायचं ते एवढंच की किती झिरपतं." मग त्यांनी समजावलं की फोनला हाक ऐकू यायला लहरींचा अगदी कणभर अंश पुरतो, चहा तापवायला मात्र ढीगभर लागतात, आणि बाहेर झिरपतं ते कणभरातलं. शिवाय दोन पावलं मागं सरकलं की तेही आणखी विरतं. बाईंनी प्रयोग फसला म्हणून तो झाकला असता, तर मी त्यांच्यावर कधीच विश्वास ठेवला नसता.

बाईंचे दोन प्रश्न पुढे साऱ्या शाळेला पाठ झाले: कुठली? आणि किती? इथे कुणाचे केस गळले, कुणाची पपई किडली, कुणाची सोयरीक मोडली, तरी लोक रेडिएशनच्या नावानं बोटं मोडतात. बाई तो शब्द ऐकला की लगेच विचारत, कुठलं? चुलीच्या धगीचं, उन्हाचं, फोनचं, एक्स-रेचं, की अणुभट्टीचं? आणि किती? दहावीच्या त्यांच्या प्रत्येक तासाची सुरुवात एका पाढ्यानं होई. रेडिओ, सूक्ष्म, अवरक्त, दृश्य, अतिनील, क्ष, गॅमा. लांब, सौम्य लहरींपासून आखूड, तिखट लहरींपर्यंत. सगळ्या एकाच कुळातल्या, पोकळीत सगळ्यांचा वेग एकच, पण स्वभाव किती निराळे. एक गाणी आणते, एक ऊब देते, एक रंग दाखवते, एक कातडी जाळते, एक हाडं दाखवते. शेजारच्या वर्गात कविता शिकवताना तो पाढा माझ्याही कानावर पडे आणि नकळत पाठ झाला.

माझी भीती चुकीच्या घरी मुक्कामाला आहे, हेही बाईंनीच मला दाखवलं. एका संध्याकाळी मिस्टर कामावरून आले ते डोळे मिटूनच. लाल, सुजलेले, आत वाळू भरल्यासारखे. वेल्डिंगचा एक छोटा टाका मारायला काच कशाला धरायची, असा कारखान्यातला सगळ्यांचाच खाक्या. मी डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवले, कारण चाळीत सगळ्या जणी तेच करत. बाई काही कामानं घरी आल्या, त्यांनी ते काप पाहिले आणि त्यांचा पारा चढला. आधी त्यांनी मिस्टरांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बाहेर पडणाऱ्या कामगारांना आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुनावलं, "वेल्डिंग की रोशनी आँख जलाती है, भैया. सूरज को ऐसे घूरते हो क्या?" मला तर त्या एवढंच म्हणाल्या की ओव्हनला घाबरून तू दाराआड लपतेस आणि अतिनील किरण रोज तुझ्या घरात जेवायला येतात. त्या दिवसापासून आमच्या घरात काच विसरणाऱ्याला चहा मिळत नाही.

निवृत्तीनंतरही त्यांना उसंत नव्हती. उमरोळीजवळ एका पाड्याच्या टोकाला मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि लोक बिथरले. बाई मूळच्या याच भागातल्या, माकुणसारच्या, म्हणून त्यांना बोलावणं गेलं, आणि त्यांच्यासोबत मीही गेले. एका आजींची सून गरोदर होती. आजींनी बाईंचा हातच धरला. म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. माज्या सुनंच्या पोराला काय होनार नाय, येवडं सांगा नि जावा."

बाईंनी तेवढं म्हटलं असतं तर सगळे सुखानं घरी गेले असते. मीही मनातून त्यांना म्हणत होते की बोलून टाका एकदाचं. पण बाई आजींच्याच बोलीत म्हणाल्या, "आजी, ह्या लहरी पेशी फोडनाऱ्या नाय, फार झाल्या तर तापवनाऱ्या हायत. पन किती हायत ते मापल्याबिगर मी तुमाला खोटा धीर देनार नाय."

आजी रुसल्या. बाईंनी मग टॉवरच्या कंपनीला लहरींची मोजणी करायला लावली, तीही लोकांसमोर, त्या सुनेच्या दारात. ती होईपर्यंत बाई स्वतः किती अस्वस्थ होत्या ते मी पाहिलंय. साडीचा पदर बोटाला गुंडाळत आणि सोडत त्या अंगणात बसून होत्या. मोजमाप ठरलेल्या मर्यादेच्या बरंच खाली निघालं. तेव्हाच त्या आजींच्या ओट्यावर जाऊन म्हणाल्या की आता सांगते, निश्चिंत राहा. त्या सुनेची मुलगी आज शाळेत जाते आणि टॉवरखाली उभी राहून फोनवर गप्पा मारते, म्हणून आजी तिच्यावर ओरडतात.

बाईंच्या गौरवग्रंथासाठी इथवरचा लेख मी एका बैठकीत लिहिला. पुढचं लिहायला हात उचलत नव्हता. पण बाईंनी स्वतः सांगितलंय की लिहायचं तर सगळं लिही.

यंदा बाईंच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि मग डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले, ज्याला आपल्याकडे 'शेक घेणं' म्हणतात. बाईंना शिकवायची गरज कुणालाच वाटली नाही, कारण जन्मभर त्यांनीच हा धडा शिकवला. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. बाई आत गेल्या, आणि शेक सुरू व्हायच्या आधीच बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, घरी चल, मला हे नको. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहत होते. उपचार सोडले तर काय होईल, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींना स्पष्ट सांगितलं होतं.

मला धीर देता येत नाही. त्यामुळे मी फक्त त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "बाई, कुठली भीती?"

त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाल्या, "किरणांची नाय गं. सगळे बाहेर पलतात, तो जाड दरवाजा लागतो नि आत मी येकटीच ऱ्हाते."

आत जाणं मला शक्य नव्हतं. पण तिथल्या तंत्रज्ञ ताईंकडे बाहेरून रुग्णाशी बोलायचा माईक होता आणि पडद्यावर बाई दिसणार होत्या. मी हात जोडून विनंती केली. त्या भल्या ताईंनी क्षणभर विचार केला आणि माईक माझ्यापुढे सरकवला. बाई पुन्हा आत जाऊन झोपल्या. दरवाजा लागला. मी पाढा सुरू केला. रेडिओ, सूक्ष्म, अवरक्त, दृश्य, अतिनील... आणि पुढे आवाजच फुटेना, कारण पुढची लहर त्याच घटकेला बाईंच्या छातीवर पडत होती. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच अडले. शेक संपेपर्यंत माझं तेच चाललं होतं.

बाई बाहेर आल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "क्ष कुठे गेला, सुजाता? दहावीत असतीस तर उभी केली असती." मग गाडीत बसल्यावर त्यांनीच मला सांगितलं की त्या यंत्राच्या पोटात इलेक्ट्रॉनांना पळवायला सूक्ष्मलहरीच असतात, आपल्या शाळेतल्या ओव्हनच्याच भाऊबंद. त्यानंतर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. शेजारणीनं नातवंडांना जवळ पाठवू का, असं चाचरत विचारलं, तेव्हा म्हणाल्या की दिवा विझवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहतो का? पाठव, आणि येताना दोन केळी पाठव.

उपचार संपले आहेत. तपासणी व्हायची आहे, ती नेमकी बाईंच्या या गौरव सोहळ्यानंतर. हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा निकाल काय असेल, मला ठाऊक नाही. मला झोप लागत नाही. सगळं ठीक होईल असं मी इथे लिहिणार नाही, कारण मोजल्याशिवाय दिलेला धीर बाईंना चालत नाही.

पण इच्छा करायला मोजमाप लागत नाही. बाई, तुम्हाला आयुष्य लाभो. कुठलं, म्हणाल तर निरोगी, हिंडतंफिरतं, चुकीच्या भीतीवर डाफरणारं. आणि किती, म्हणाल तर माझा पाढा अजून 'क्ष'पाशी अडतो, तो गॅमापर्यंत न थांबता म्हणून घ्यायला जेवढी वर्षं लागतील तेवढं. शिकण्यात मी फार मंद आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.