येसाजीचं धुराडं

पोशीरच्या येसाजीनं उमेदीची वर्षं माथेरानच्या सायबांच्या बंगल्यांवर गवंडीकामात घालवली. चुलीचा धूर भिंतीच्या पोटातून वर चढवून आभाळात सोडायचा, ही कला तो तिथंच शिकला. सायबाच्या मुलखात थंडी फार, म्हणून त्यांच्या घरांना असं विटांचं नाक असतं, हे त्याला ठाऊक होतं. येसाजीला थंडीशी काय करायचं होतं? त्याच्या घरात बायको होती, बायजा. धुरानं तिचे डोळे गढूळ होत चालले होते. कर्जतचा डॉक्टर सरळ बोलला, "धूर थांबव, नाहीतर बाईची नजर जाईल."

सायबाची जर्मनीशी लढाई चालू होती, सामान महागलं होतं, तरी येसाजीनं जुनं छप्पर उतरवलं. ठाकरांच्या वाडीतल्या पोशानं बांबू आणून वासे बांधून दिले. वर कौलं चढली आणि कौलांतून डोकं काढून धुराडं उभं राहिलं.

पोशा मान वर करून बघत होता. "दादा, धूर समदा भायेर धाडनार?"

"मग काय पाव्हण्यावानी घरात ठेवू?"

"आमच्या वाडीत कोनी असं करीत नाय."

"का रं?"

पोशानं डोकं खाजवलं. "ते नाय ठावं. बा करीत नव्हता."

"तुझा बा आगगाडीतबी बसला नव्हता."

पोशा हसला. पण जाताना दोनदा वळून बघत गेला.

ते वर्ष सुखाचं गेलं. बायजा सुईत दोरा ओवू लागली. "सायबीण झालीस गं," शेजारची मोतीबाई टोमणा मारून जायची, आणि बायजा खुशाल हसायची.

पुढच्या होळीच्या सुमारास बायजा म्हणाली, "अवं, पिठाचा डबा उघडा ऱ्हायला व्हय?"

डबा बंद होता. पाळण्यातल्या लेकराच्या कपाळावर मात्र पिवळसर पीठ पडलं होतं. वर छपरात काहीतरी बारीक, सावकाश कुरतडत होतं.

येसाजी माळ्यावर चढला. वाशावर बोट दाबलं, तर बोट आत गेलं.

पोशाला बोलावणं गेलं. त्यानं वासा हुंगला. "भुंगा हाय, बांबू पोखरनारा. माज्या खोपीचं बांबू ह्येच्याहून जुनं, दादा. धुरानं काळं पडल्यात, पर भुंगा शिवला नाय."

दोघांनी एकदमच धुराड्याकडे पाहिलं.

"दुसरं बांबू आण."

"कुठनं आनू? लढाईच्या लाकडासाठी ठेकेदारानं रान उजाड केलं. धूर द्या आता. लागला तर लागला गुण."

"बायजाला ह्यातलं काय सांगू नको."

पण बायजा दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी शेतावरून येताना येसाजीला धुराडं थंड दिसलं. धूर कौलांच्या फटींतून निघत होता. तो धावला.

पाळणा अंगणात आंब्याखाली होता. आत, धुराड्याच्या तोंडात पोतं कोंबून बायजा चुलीत ओली लाकडं सारत होती.

"पोतं काढ, बायजे."

"ऱ्हाऊ द्या. नजर माझी येकलीची हाय, छप्पर समद्यांचं हाय."

धूर इतका दाटला होता की त्याला तिचं तोंड दिसेना. तिचा खोकला तेवढा ऐकू येत होता. मग तिनं विचारलं, "वरचं थांबलं का वो?"

येसाजीनं कान दिला. वर कुरतडणं चालूच होतं.

"थांबलं," तो म्हणाला आणि पोतं ओढून काढलं.

धूर सुसाट वर गेला. येसाजीच्या हातावर पीठ पडत राहिलं.