माहेरचा विस्तव

आमच्या इमारतीत लिफ्टच्या शेजारी आगीपासून बचावाचे नियम लावले आहेत. जिन्यात सामान ठेवू नका, झोपताना गॅस बंद करा, देवापुढचा दिवा तसाच सोडून बाहेर जाऊ नका. सेक्रेटरींनी मोठ्या हौसेने तो फलक काचेत बसवून घेतला, आणि तो वाचणारी बहुधा मी एकटीच. लिफ्ट यायला वेळ लागतो, डोळे तिकडे जातात, आणि माझ्या कानात डफडं वाजायला लागतं.

माझे बाबा बालाघाटच्या नगरपालिकेत शिपाई होते. गळ्यात डफडं अडकवून गल्लोगल्ली मुनादी द्यायची, म्हणजे दवंडी पिटायची, हे त्यांचं मुख्य काम. मध्यप्रदेश नवा झालेला, कचेरीचा सगळा कारभार हिंदीत. घरी आमच्यासारखंच बोलणारे बाबा डफडं गळ्यात पडलं की मान ताठ करायचे, आवाज पोटातून काढायचे आणि थेट "सब खासोआम को इत्तला दी जाती है" असं सुरू करायचे. आम्हा पोरांना अभिमान वाटायचा. मायला हसू फुटायचं. पदर तोंडाला लावून ती दारात उभी राहायची आणि बाबा आमच्या घरावरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

त्या वर्षीची मुनादी मात्र तिला हसण्यासारखी वाटली नाही. आदल्या उन्हाळ्यात पलीकडच्या मोहल्ल्यात एका चुलीतली ठिणगी गवताच्या छपराला लागली होती आणि वाऱ्याने ओळच्या ओळ खाक केली होती. म्हणून नगरपालिकेने नियम काढले. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत, गवताचं छप्पर असलेल्या घरात सकाळचा स्वयंपाक उरकला की चूल विझवायची ती थेट दिवस मावळल्यावर पेटवायची. राखेखाली विस्तव ठेवायचा नाही. पेटता विस्तव घेऊन गल्लीतून जायचं नाही. प्रत्येक घरमालकाने दाराशी पाण्याचा भरलेला रांजण ठेवायचा. आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत गवत काढून कवेलू, म्हणजे कौलं, घालायचे, नाहीतर छप्पर उतरवलं जाईल.

"राखेखाली विस्तव ठेवाचा नाही म्हणजे?" बाबा जेवायला बसले तेव्हा मायने विचारलं.

"म्हणजे नाही ठेवाचा. इझवाचा."

"माह्या बापानं देल्ला विस्तव इझवू?"

या प्रश्नाला नगरपालिकेने त्यांना उत्तर दिलेलं नव्हतं.

माय हट्टा गावाकडची. लग्नानंतरची पहिली होळी तिने माहेरी केली, आणि परत निघताना तिच्या बापाने होळीतला विस्तव एका मडक्यात राखेखाली घालून बैलगाडीत तिच्या पायाशी ठेवला. होळीचा विस्तव घरी नेऊन चूल पेटवायची रीत सगळीकडेच होती, पण ती आपल्या गावच्या होळीची. लेकीसोबत विस्तव पाठवणारा बाप तेवढा एकच. लोक हसले. पुढे वर्षभरात तो वारला, भावांनी शेत विकून टाकलं आणि ते कुठे कुठे पांगले. मायला माहेर म्हणून उरलं नाही. उरला तो विस्तव. धावड्याचं जाड लाकूड जळून झालं की त्याचे निखारे ती राखेत पुरायची, वर गोवरीचा तुकडा ठेवायची, आणि सकाळी फुंकर मारून तेच जागे करायची. आमच्या घरी काडेपेटी होती, पण ती बाबांच्या बिडीसाठी. चुलीला कधी काडी लागली नाही. मी जन्मल्यावर पहिलं पाणी तापलं ते त्याच विस्तवावर, हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलं होतं की मला ते आठवतं असंच वाटायचं.

मोठी आत्या आमच्याकडेच राहायची. बाबांची थोरली बहीण, लहानपणी विधवा झालेली, घरात शब्द तिचा. ती म्हणाली, "इस्तू तो इस्तू. त्यात माहेर आन् सासर काय असते?" माय खाली मान घालून चुलीतली राख सारखी करत राहिली. ती अशी राख सारखी करत बसली की तिच्या मनात काहीतरी शिजत असे, एवढं मला तेव्हाही कळायचं.

आणि तिने जे केलं ते आठवलं की मला आजही हसू येतं. मुनादीत काय म्हटलं होतं? गवताच्या घरात विस्तव ठेवायचा नाही. बरं, नाही ठेवत घरात. सकाळची चूल विझवून तिने निखारे मडक्यात भरले, राखेने झाकले, आणि मडकं नेऊन ठेवलं परसात. ऊन लागू नये, वारा लागून निखारे लवकर संपू नयेत, म्हणून आडोशाला. आडोसा कशाचा, तर धानाच्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याच्या, ढिगाचा. मुनादी देणाऱ्याच्या घरात, त्याच्याच बायकोने, नियम अगदी तंतोतंत पाळला.

दुपारी वारा सुटला. मी ओसरीत चिंचोके खेळत होते. समोरून आरोळी आली, "अवं तणस! तणस पेटलं वं!"

समोर एकच कवेलूचं घर होतं. गल्लीतलं एकमेव. घरधनी रेल्वेत होता, आणि ते घर दीक्षा घेतलेलं, आत बुद्धाची तसबीर. आम्ही पोरं त्या बाईला कवेलूवाली मावशी म्हणायचो, पण लांबून. तिच्याकडे आमच्या घरचं कोणी जात नव्हतं आणि ती कोणाकडे जात नव्हती. तिच्या दाराशी मात्र रांजण होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. आमच्या रांजणात कोंबडी अंड्यावर बसली होती.

मावशी घागर भरभरून धावत होती. माय धावली, मी धावले, शेजारपाजारचे धावले. ढिगाचा एक कोपरा काळा झाला आणि आग तिथेच विझली. मडकं फुटलं होतं. ओल्या राखेचा चिखल झाला होता आणि माय त्या चिखलात बसून हातांनी काहीतरी शोधत होती. बोटं भाजत होती तरी थांबत नव्हती.

"काय हरपलं वं बाई?" मावशीने विचारलं.

मायने सांगितलं. हुंदके देत, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. बाप, बैलगाडी, मडकं. मी तिला परक्या बाईजवळ इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

मावशीने ऐकून घेतलं. मग एका खापरीखाली, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथला बोराएवढा निखारा तिने दोन काटक्यांत धरून उचलला, फुंकला, तो लाल झाला. "हा माह्या घरी राह्यते," ती म्हणाली. "माह्या छपराले मुनादी लागत नाही. संध्याकाळी ये आन् घेऊन जात जा."

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा आहे. दुपारी आम्ही गार पेज प्यायचो, वर कांदा. दिवस मावळला की माय पळी घेऊन समोर जायची, मी मागे. पळीवर निखारा यायला काय वेळ लागतो? पण माय घटकाभर बसायची. मावशीच्या अंगणात पाणी शिंपडलेलं असायचं. दोघी बोलायच्या. माय हट्ट्याच्या बावलीत, पायऱ्यांच्या विहिरीत, उतरून पाणी कसं थंडगार लागायचं ते सांगायची, मावशी तिला चिडवायची, "तुह्या गावचं पाणीबी गोड आन् इस्तूबी गोड. मंग इथं कायले आली?" आणि माय खळखळून हसायची. घरात ती तशी हसत नसे. सकाळी स्वयंपाक झाला की तोच विस्तव परत समोर जायचा. गल्लीतून पेटता विस्तव न्यायची मनाई होती, पण गल्ली ओलांडायला चार पावलं लागत, आणि तेवढ्या वेळात बाबा डफड्याची दोरी आवळायचं काम काढायचे.

आत्या धुमसत होती. "त्या घरच्या चुलीतला इस्तू आपल्या चुलीत?"

"इस्तू माह्या बापाचा आहे," माय म्हणायची.

पावसाळ्याआधी बाबांनी कुंभाराकडून कवेलू आणले. छप्पर लाल झालं, नियम आम्हाला लागेना, विस्तव आमच्याच चुलीत राहू लागला. आता समोर जायला निमित्त राहिलं नाही, आणि आत्याचं राज्य परत सुरू झालं. माय सुरुवातीला सणाला काहीबाही घेऊन जायची, मग तेही थांबलं. नळ आल्यावर नळावर भेट व्हायची. "बरी हायेस?" "हौ, बरी हाओ." बस. मायला ते टोचत असणार. मला तर राग यायचा, आत्याचा, बाबांचा, मायचाही. संध्याकाळ झाली की मी उगाच ओसरीत येऊन समोरच्या अंगणाकडे बघत बसायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा बाबांच्या छातीचं दुखणं बळावलं आणि माय त्यांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेली. महिनाभर तिथेच होती. घर आत्याकडे आणि माझ्याकडे. मी शाळेतून यायचे तर चूल पेटलेली असायची. विस्तव कसा ठेवायचा हे आत्याला ठाऊक होतं, पण एके दिवशी तिने राख भरून बाहेर टाकली आणि बाबांची काडेपेटी घेऊन नवीन जाळ केला. तिने ते मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. तिच्या लेखी विस्तव तो विस्तव.

बाबा वाचले. घरी आले, ओसरीवरच्या खाटेवर पडले, आवाज अगदी खोल गेलेला. माय पिशवी ठेवून तशीच चुलीपाशी गेली, राखेत हात घातला, आणि मग काडेपेटी पाहिली. ती तिथेच खाली भिंतीला टेकून बसली. "गेलं," एवढंच म्हणाली. नवरा परत आणलेली बाई, आणि बाप आजच गेल्यासारखी बसली होती. मला ते बघवेना. घागर घेऊन मी नळावर गेले. तिथे मावशी होती. तिने विचारलं, बाबा कसे आहेत, आणि मी बाबांचं सांगता सांगता विस्तवाचंही सांगून टाकलं.

ऐकल्याबरोबर तिने नळ बंद केला. घागर अर्धी सोडून घरी गेली.

मी घरी पोचते तोवर ती गल्लीतून येताना दिसली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, हातात पळी, पळीवर निखारे, वरून आडवा धरलेला पदर. बाबांनी खाटेवरून मान उचलली. आवाज नव्हता, तरी म्हणाले, "गल्लीतून इस्तू न्याची मनाई आहे, बाई."

"तुमी मुनादी द्या भाऊजी," ती न थांबता म्हणाली. "मी चालली आपली."

पण आमच्या उंबऱ्याशी ती थांबली. इतक्या वर्षांत तो उंबरा तिने ओलांडलेला नव्हता. आत्या आतून बघत होती. माय उठून दारात आली, पळीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"तोच हाये?" मायने विचारलं.

"मंग? त्या उन्हाळ्यापासून माही चूल त्याच्यावरच हाये. काडी लावली नाही म्या. कोणाच्या बापाचा इस्तू इझवाचा असते का वं?" आणि मग जरा कडक, "काहून, म्या आनला म्हणून पेटनार नाही का?"

मायने तिचा दंड धरला आणि तिला आत ओढलं. सरळ चुलीपाशी. "तूच ठेव," ती म्हणाली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली, आणि मावशीने आपल्या हाताने आमच्या चुलीत निखारे मांडले. दोघींनी वाकून फुंकर घातली. जाळ झाल्यावर मायने त्यावर चहाचं भांडं ठेवलं. चहा उतू गेला, कारण त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. तो मी आवरला.

त्या दिवसापासून समोरचं दार आणि आमचं दार दिवसभर उघडं राहायला लागलं. मी लग्न होऊन नागपूरला आले ती सत्तरनंतर, रेल्वेने, आणि माझ्या पायाशी कोणी मडकं ठेवलं नाही. तसं ठेवता आलं नसतं. पुढे त्या दोन्ही घरांत गॅस आला, आणि आता त्या दोघी नाहीत, बाबा नाहीत, गल्लीत स्लॅबची घरं आहेत.

माझ्या ओट्यावर लायटर आहे. एक टक आवाज होतो आणि निळा जाळ लागतो, तो कोणाचाच नसतो. इमारतीत सगळी दारं बंद असतात, आणि हा नियम कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही. कधी दुपारी लाइट जातात, लिफ्ट बंद पडते, जिन्यात कोणाची तरी पावलं वाजतात. मी उठून दाराशी जाते. मला फार वाटतं, पदराआड काहीतरी धरून कोणीतरी नियम मोडून वर येत असावं. पावलं माझ्या मजल्यावरून पुढे निघून जातात, आणि मी दार तसंच थोडा वेळ उघडं ठेवते.