घरजावई

आमच्या लॅबमध्ये गोचिडीच्या पेशी वाढवायचं काम एका मावशींकडे होतं. त्या पेशींच्या आत शिरल्याशिवाय न वाढणाऱ्या जिवाणूंना त्या ‘घरजावई’ म्हणायच्या. “आयतं राहतात, आयतं खातात आणि शेवटी घरच फोडून बाहेर पडतात. मग द्या यांना नवीन पेशी!” चिडल्यासारखं बोलायच्या, पण रविवारीही बर्फातून ड्राइव्ह करून त्यांना बघायला यायच्या.

आम्ही पोरं एडिसनला देशी हॉटेलात जेवायला निघालो की त्यांना विचारायचो. “तुम्ही जा रे, माझे जावई उपाशी आहेत.” घरी निघताना आम्हाला नुसती मान हलवायच्या, पेशी ठेवलेल्या इनक्युबेटरच्या दाराला मात्र हात लावून हळूच म्हणायच्या, “येते हं.”

यंदा संशोधनाची ग्रँट संपली. पेशी आणि जिवाणूंचे सगळे फ्लास्क ब्लीच घालून संपवायचे होते. मी करतो म्हटलं, तर “नको, माझे आहेत ते,” म्हणाल्या. आतलं गुलाबी पाणी पांढरं पडेपर्यंत एकेक फ्लास्क हातात धरून बसल्या. मग इनक्युबेटर बंद केला, कोट चढवला, पर्स घेतली.

“जाते रे.”

“मावशी, येते म्हणा.”

त्या दारात थांबल्या.

“कुणाकडे?”