थोरलीच्या तापलेल्या गासड्या

लग्न होऊन आल्यापासून दोन्ही भावांच्या घरच्या गवताची गंजी थोरली जाऊच रचायची. तिच्या गंजीत पाणी शिरलंय असं कधी झालं नाही. मग शेजारीच राहणाऱ्या धाकट्या जावेनं गवत दाबून बांधायचं मशीन आणलं. चौकोनी, एकसारख्या गासड्या भिंतीसारख्या रचल्या. येणारे-जाणारे थांबून बघू लागले आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

"तुमचंही बांधून देते ना, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"माझे हात अजून शाबूत आहेत."

पण पुढच्या कापणीला थोरलीनं गुपचूप दुसऱ्याचं मशीन भाड्यानं बोलावलं. धाकटीचं गवत अजून उन्हात पडलेलं होतं. हिला तिच्या आधी कोठार भरायचं होतं.

मशीनवाल्यानं मूठभर गवत पिळून पाहिलं. "काकू, काडी वाकतेय, मोडत नाही. अजून वाळू दे."

"तुम्ही बांधा हो. गवताचं मला नका सांगू."

कोठार छपरापर्यंत भरलं. थोरलीनं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. धाकटी "छान झालंय" म्हणाली, आणि थोरलीला बरेच दिवस जेवण गोड लागलं.

एका सकाळी मात्र कोठारातून करपल्यासारखा वास आला. थोरलीनं गासडीत हात खुपसला नि चटकन मागे घेतला. आत धग होती. दमट गवत कोंडलं की आतल्या आत तापतं, पेटतंसुद्धा, हे तिला काय ठाऊक नव्हतं? मदतीला जवळ एकच घर. कुंपणापर्यंत जाऊन ती परत फिरली. मग छपरातून वाफ निघताना दिसली, तेव्हा कुठे तिनं हाक मारली.

धाकटी होती तशी धावत आली. दोघींनी गासड्या बाहेर ओढल्या, दोऱ्या कापल्या, गवत मोकळं केलं. आतून काळं पडलेलं, बुरशी धरलेलं. कोठार वाचलं, गवत गेलं. धाकटीनं टोमणा मारला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी ती हातगाडीवरून स्वतःच्या गासड्या घेऊन आली. "मुकी जनावरं उपाशी कशाला ठेवायची?"

थोरलीची गाय एरवी निम्मं गवत पायाखाली तुडवायची. आज धाकटीच्या गवतातून तिनं मान वर काढली नाही.

"माझं कधी असं खाल्लंस का गं, मेले?" थोरली पुटपुटली.

पुढे दरवर्षी धाकटीचंच मशीन थोरलीच्या शेतात यायचं. त्या दिवशी थोरली तिला चहा करून द्यायची, साखर जरा कमीच घालून.